मद्रासची शपथ

लटारू, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तू गेल्याला आज सोळा दिवस झाले आणि या सोळा दिवसांत मी एकदाही धड रडलो नाही. रडायला बसलो की राग येतो. मशीनवर बसलो तरी राग येतो. परवा एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला मी दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या आणि वर त्याच्यावरच ओरडलो. वीस वर्षं शिवणकाम करणारा माणूस मी. सिंदेवाहीच्या बाजारात इब्राहीम टेलरच्या हातून अशी चूक कधी झाली नव्हती.

तू असतास तर म्हणाला असतास, "इभराम, तुया नाकावरच राग बसून राह्यते." हे तू मला इतक्यांदा म्हटलंस की माझी बायकोसुद्धा ते म्हणायला लागली. असेल बसलेला. पण माझा राग येतो आणि जातो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी भांडलो की दुसऱ्या दिवशी विसरतो. तू एवढा शहाणा, मग तेवढी एकच गोष्ट तुला कशी कळली नाही?

मद्रासला जायचं खूळ तुझंच होतं. तू ढिवराच्या घरचा, जन्म गावच्या तलावात आणि नदीत मासे धरण्यात गेला, आणि एके दिवशी माझ्या दुकानात येऊन म्हणालास, "समुंदर पाहाचा हाय." मी म्हटलं, बंबईला जाऊ. तू म्हणालास, बंबईला सारेच जातात, बल्लारशाहून गाडी सरळ मद्रासला जाते, मध्ये उतरायचं काम नाही. तेवढ्यावर ठरलं. पौष महिना होता. पौषात लग्नं नसतात म्हणून मला काम नव्हतं, आणि तलाव काठोकाठ भरलेले म्हणून तुला नव्हतं. पाणी उतरल्याशिवाय तुझी मासोळी काही हाती लागत नाही. आपल्या दोघांच्या धंद्यात मिळून वर्षातून तेवढाच एक रिकामा महिना यायचा.

ट्रंक नको, वळकटी नको, हात मोकळे पाहिजेत, असं तू म्हणालास. मग तू तुझ्या जुन्या जाळ्याचा चांगला भाग कापून दोन पिशव्या विणल्यास. मी त्यांना आतून खाकी कापडाचं अस्तर लावलं आणि खाटेच्या नवारीचे दोन-दोन पट्टे शिवले, खांद्यांत अडकवायला. पिशवी पाठीवर, हात मोकळे. पोहे, गूळ, एक लोटा, एक चादर, एक जोडी कपडे. स्टेशनवर लोक आपल्याकडे पाहून हसले होते. तू त्यांनाच विचारलंस, "तुमाले शिवून पाह्यजे का? हा टेलर हाय."

आता कोणी हसलं तर चालेल. त्या दोन पिशव्यांइतकं चांगलं काम मी पुन्हा केलं नाही.

मद्रासला उतरून आपण स्टेशनाजवळच्या एका धर्मशाळेत गेलो. तिथल्या मुनीमाला घाई होती. त्याने तुझं नाव लिहिलं आणि पुढे "व एक इसम" असं लिहून खोलीची किल्ली दिली. दोन दिवस मी "एक इसम" म्हणून सुखाने राहिलो. तिसऱ्या सकाळी तो मुनीम नाकाला उपरणं लावून दारात उभा. सगळी धर्मशाळा शुद्ध शाकाहारी, आणि आपल्या खोलीतून मासळीचा वास बाहेर येत होता. समुद्राची दमट हवा लागली आणि तुझ्या जुन्या जाळ्याने अंगात मुरलेला सगळा तलाव बाहेर काढला. तुला तो वास येतच नव्हता. तू आपला खोलीभर हुंगत फिरलास आणि मुनीमालाच म्हणालास, "कुठी? मले त काई नाई येऊन राह्यला." दहा मिनिटांत आपण रस्त्यावर होतो.

ही गोष्ट आपण बाजारात किती वर्षं सांगितली. तू मुनीमाची नक्कल करायचास, मी तुझी. आणि समुद्राचीही सांगायचो. तू वाळूवर गेलास तो थेट पाण्यात. एक ओंजळ तोंडात घेतलीस, थुंकलास आणि म्हणालास, "इतकं पानी, अन् एक घोट पेवासारखं नाई." मग तुला ते लोक दिसले. तीन-चार ओंडके दोराने बांधायचे आणि त्यावर बसून सरळ लाटांत घुसायचं, बस्स. तुझ्या डोंग्याला निदान काठ तरी असतात. तू म्हणालास, हे तर चुलीचं जळतन बांधून चालले. त्यातला एक म्हातारा वाळूत जाळं दुरुस्त करत होता. तू त्याच्यासमोर बसलास. त्याची भाषा तुला येत नव्हती, तुझी त्याला. तू त्याच्या हातातून दोरा घेतलास आणि एक गाठ मारलीस. त्याने ती पाहिली, सोडली आणि तीच गाठ परत मारून दाखवली. तुम्ही दोघं वेड्यासारखे हसलात. मी उन्हात उभा राहून पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, या माणसाबरोबर आलो हे बरं झालं.

हे तुला मी कधी सांगितलं नाही. आता सांगतो, पण त्याने माझा राग कमी होत नाही.

कारण बाजारात आपण एक गोष्ट कधीच सांगितली नाही. मुनीमाने हाकललं त्याच दुपारी आपण दुसरी जागा शोधली. तिकडे धर्मशाळेला छत्रम म्हणतात. तिथला कारकून हिंदी बोलत होता आणि त्याला घाई नव्हती. त्याने मोठं रजिस्टर उघडलं, लेखणी शाईत बुडवली आणि दोघांची नावं विचारली. जात विचारली. मी तोंड उघडायच्या आत तू बोललास. तुझं नाव सांगितलंस आणि माझ्याकडे बोट करून म्हणालास, "हा माझा लहान भाऊ, शिवा."

शिवा तुझा सख्खा भाऊ. पटकीने गेलेला. मी त्याच्या मातीला आलो होतो.

मी तिथेच बोलायला हवं होतं. बोललो नाही. भूक लागली होती. आत गेलो, हातपाय धुतले, पानावर वाढलेला भात पोटभर जेवलो, ताकसुद्धा दोनदा घेतलं. हात धुतल्यावर माझा स्वाभिमान जागा झाला. मागच्या विहिरीजवळ मी तुला धरलं.

"मी कोन आहो?"

"काऊन?"

"सांग, मी कोन आहो?"

"इभराम हायस. दुसरा कोन?"

"मंग तिथी का लिहिलं?"

तू म्हणालास, "नाव लिहिल्यानं मानूस बदलते का? जागा भेटली ना. शिवा म्हनून झोप, इभराम म्हनून ऊठ."

आज ते वाक्य आठवलं की त्यातला शहाणपणा कळतो. तेव्हा मी पेटलो. म्हणालो, मेलेल्या माणसाचा सदरा काढून माझ्या अंगात घातलास, तोही मला न विचारता. माझ्या बापाने ठेवलेलं नाव तुला लाजिरवाणं वाटलं का? तुझा चेहरा उतरला. तू काहीतरी बोलायला गेलास, मी बोलू दिलं नाही. तुझ्या पाठीवरची पिशवी ओढून तुझ्यापुढे धरली.

ढिवर जाळ्यावर हात ठेवून खोटं बोलत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी ते ठाऊक असूनच केलं. म्हणालो, "ठेव हात. जिथी मी माह्या नावानं राहू शकत नाई, तिथी तू पाय ठेवशीन नाई. ठेव."

तू जाळीवर हात ठेवलास. "ठेवला. तू 'शपथ सुटली' म्हनेपर्यंत नाई." आणि लगेच छत्रमच्या बाहेर चालायला लागलास. पुढचे तीन दिवस आपण स्टेशनच्या मुसाफिरखान्यात काढले. तिथे कोणी कोणाचं नाव विचारत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू चहा आणलास, मी घेतला, आणि माझ्या बाजूने भांडण संपलं. शपथ घातल्याचंही मी विसरलो. खोटं नाही सांगत, लटारू. खरंच विसरलो. परतीच्या गाडीत मी तुझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलो होतो.

आणि तू ती शपथ घेऊन सात वर्षं जगलास.

माघात तुझं पोट दुखायला लागलं. मीच तुला चांद्याला नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. पोटात गाठ आहे, नागपूरला मोठ्या दवाखान्यात कापावी लागेल, खाट रिकामी होईपर्यंत आठ-पंधरा दिवस जवळच्या धर्मशाळेत राहावं लागेल. वेळेत नेलंत तर माणूस वाचेल, असं ते म्हणाले. हे शब्द मी तुला जसेच्या तसे सांगितले. म्हटलं, मी येतो बरोबर, दुकान बंद ठेवतो. तुझी पोरं लहान, वयनीला कधी गाव सोडून ठाऊक नाही. शहर पाहिलेला असा मीच होतो.

तू म्हणालास, तलावाचं पाणी उतरून राह्यलं, आता तर मासोळीचे दिवस. मी म्हटलं, तुझ्या वाट्याची मासोळी तुझे भाऊबंद धरतील. तू म्हणालास, जाळं अर्धं विणून हाय. मी म्हटलं, ते मी विणतो, वाकडं झालं तर झालं. तू म्हणालास, पाहू. तुझं ते "पाहू" ऐकून माझं डोकं तडकायचं. दर बुधवारी मी दोन कोस सायकल हाणत तुझ्या गावी यायचो आणि दर बुधवारी तुझं एक नवीन कारण तयार असायचं.

एकदा तू खाटेवर बसून होतास. वयनी चुलीजवळ होती. तू हळूच म्हणालास, "मद्रासले तू मले काई म्हनलं होतं, याद हाय का?"

मला वाटलं, तुला जुन्या गोष्टी काढून वेळ मारून न्यायची आहे. मी म्हणालो, "मद्रासचं काढू नको. नागपूरचं बोल."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग आढ्याला टांगलेल्या जाळ्याकडे पाहिलंस. वयनीने त्या दिवशी मला चहासुद्धा विचारला नाही. मला वाटलं, घरात दुखणं आहे, राहिलं असेल.

एवढंच विचारायचं होतं ना तुला? मग सरळ का नाही विचारलंस? "इभराम, शपथ सोड." तीन शब्द. समुद्राकाठी परक्या म्हाताऱ्याशी बोलायला तुला भाषा लागली नाही आणि माझ्याशी बोलायला तोंड उघडलं नाही. मी विसरलोय हे तुला दिसत नव्हतं? की तुला वाटलं, याला सगळं आठवतंय आणि तरी हा मुद्दाम सोडत नाही? असं वाटलं असेल तर, लटारू, तू मला ओळखलंच नाहीस. तेवढ्यासाठीच मी तुझ्यावर जन्मभर रागावू शकतो.

नंतरच्या बुधवारी तुझा रंग पिवळा पडलेला होता. मी हात जोडले. तू पुन्हा म्हणालास, "पाहू." मी म्हणालो, "मर मंग इथीच."

ते माझे तुझ्याशी शेवटचे शब्द. मी सायकल काढली आणि निघालो. त्यानंतर पाच बुधवार मी तुझ्याकडे आलो नाही. तिसऱ्या आठवड्यात तू मासेविकणीच्या टोपलीतून माझ्यासाठी झिंगे पाठवलेस, पळसाच्या पानात बांधून. मी ते परत पाठवले. म्हटलं, त्याले सांग, नागपूरले जाऊन आला की खाईन. मला वाटत होतं, आपला राग पाहून तरी हा हलेल. असा शहाणा मी.

सहाव्या आठवड्यात तीच बाई टोपली न घेता दुकानापुढे उभी राहिली. मी सायकल हाणत आलो तेव्हा तुला नदीवर नेलं होतं.

दहाव्याला मी आलो. सगळे उठून गेल्यावर वयनीपुढे बसलो आणि जे मनात होतं ते बोललो. म्हणालो, हट्टी होता, माझं ऐकलं असतं तर आज बसला असता इथे. वयनीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुमीच तर शपथ घातली होती. तुमाले मालूम होतं ना?"

"कोनती शपथ?"

तिने भिंतीकडे पाहिलं. तिथे खुंटीला तुझी जाळीची पिशवी होती. ती म्हणाली, "म्हनत होते, नागपूरच्या धर्मशाळेत नाव लिहून घेतात. इभरामले तिथी त्याच्या नावानं ठेवनार नाईत. खोटं नाव मी सांगू शकत नाई. अन् त्याले रस्त्यावर झोपवून मी आत झोपनार नाई. मी म्हनलं, भाऊले बोला. त म्हने, बोललो, तो म्हनते मद्रासचं काढू नको."

मी तिथेच, तिच्यासमोर, मोठ्याने म्हणालो, "सुटली." तुझी पोरं दारातून पाहायला लागली. मी पुन्हा म्हणालो, "सुटली. सुटली, लटारू."

वयनी म्हणाली, "आता काऊन सांगता, भाऊ?" त्यात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं की आता ते कोणासाठी सांगायचं. मग ती आणखी एक बोलली. शिवाचं नाव तू दुसऱ्या कोणालाही दिलं नाहीस म्हणे. धाकट्या पोराला द्यायचं ठरलं होतं तेव्हाही तू नको म्हणालास, ते दिलेलं आहे म्हणालास.

ते नाव तू मला देऊनच टाकलं होतंस, हे तेव्हा कळलं असतं तर मी तुला त्या विहिरीपाशी एवढा बोललो असतो का? बोललो असतो कदाचित. माझं नाव माझंच होतं, ते मी आजही म्हणतो. विचारल्याशिवाय तू ते बदलायला नको होतंस. पण तुला वाचवायला मी शिवा झालो असतो, लटारू. महादेव झालो असतो, गणपत झालो असतो, कपाळाला गंध लावून बसलो असतो. तुझ्या जिवापुढे माझं नाव काय मोठं होतं? हे तू मला विचारायला हवं होतंस आणि मी सांगितलं असतं.

आणि आणखी एक गोष्ट मला खाते. तू कापायला भ्यायलास का? चाकूला भिऊन माझी शपथ पुढे केलीस का? तसं असेल तर मी तुझ्यावर दुप्पट रागावतो. नसेल तर माझ्यावर. दोन्हींपैकी काय, ते तू सांगत नाहीस आणि मला कधी कळणारही नाही.

काल सकाळी मी दुकान उघडलं नाही. वयनीकडून तुझी पिशवी मागून आणली होती, ती एका खांद्याला आणि माझी दुसऱ्या खांद्याला लावून छोट्या लाइनच्या गाडीने नागपूरला गेलो. भांडायला गेलो होतो. दवाखान्याजवळची ती धर्मशाळा शोधायची, माझं नाव सांगायचं, ते हाकलून देतील, मग त्या कारकुनाच्या टेबलावर हात आपटून सांगायचं की तुमच्यापायी माझा माणूस गेला. गाडीत बसून मी ते सगळं भाषण पाठ केलं. कोणावर तरी ओरडल्याशिवाय मला घरी परत येता येणार नव्हतं.

धर्मशाळेच्या ओसरीवर खेड्यापाड्यांतून आलेली माणसं बसली होती. कोणी भाकर खात होतं, कोणी म्हाताऱ्याला पाणी पाजत होतं. चष्मा लावलेला एक कारकून रजिस्टर घेऊन बसला होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. त्याने वर न पाहता विचारलं, "नाव?"

मी छाती काढून म्हणालो, "शेख इब्राहीम."

त्याने लिहिलं. "गाव?"

"सिंदेवाही."

तेही लिहिलं. मी वाट पाहत होतो. तो म्हणाला, "चादर आणली हाय ना? इथी भेटत नाई." मी म्हटलं, जात नाही विचारली? तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली. माझ्या मागे अजून सात-आठ माणसं उभी होती. "भाऊ, इथी सारे बिमारीचे लोकं येतात. कोनाकोनाले विचारू? पेशंटचं नाव सांगा."

पाठ केलेलं सगळं भाषण माझ्या तोंडात तसंच राहिलं. मी तुझं नाव सांगितलं. त्याने ते माझ्या नावाखाली लिहिलं, त्याच शाईने. दोन नावं, दोन्ही खरी, एकाखाली एक. तुझी पिशवी माझ्या खांद्यावर होती आणि तिला अजून वास येत होता. कोणी नाकाला काही लावलं नाही.

कारकुनाने किल्ली पुढे केली आणि माझ्या मागे पाहिलं. "पेशंट कुठी हाय?"

मी म्हटलं, "मांगून येऊन राह्यला."